अर्धा वर गेलेला हात

"आमच्या संघात यायचंय कुणाकुणाला? हात वर करा," मॅडम म्हणाल्या, आणि बास्केटबॉलच्या कोर्टावर धापा टाकत बसलेल्या पोरींचे हात भराभर वर गेले. त्यांत टिंगूचाही गेला, पण पुरता गेला नाही. कोपर बरगडीला चिकटलेलं, पंजा कानाशी येऊन थांबलेला, बोटं किंचित मिटलेली. आणि त्याआधी, डोळ्याचं पातं लवावं तेवढा वेळ, टिंगूनं मान वळवून वर बाकांकडे, म्हणजे आईकडे पाहिलं होतं. आजूबाजूला बसलेल्या आया-बापांना त्यात काही वावगं दिसलं नसतं. त्यांना आपापल्या मुलीचा हात तेवढा दिसत होता, आणि तो दिसला की ते खूश. आईला मात्र तो अर्धा हात खटकला. निवडचाचणी संपली, शिट्टी वाजली, पोरी पाण्याच्या बाटल्यांवर तुटून पडल्या, तरी ती बाकावर तशीच बसून राहिली. असा हात ती रोज बघत होती. तिचं पोटच त्यावर चालत होतं.

ती कान तपासायची. दवाखान्यात तिला सगळे 'कानाच्या बाई' म्हणत, आणि नवरा कुणा नव्या माणसाशी तिची ओळख करून देताना सांगायचा, हिच्यासमोर कुजबुजू नका, हिला सगळं ऐकू येतं. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून, जाड दाराची एक बुटकी खोली होती. आत एक खुर्ची. भिंतीत काच. काचेच्या आत पेशंट, कानांवर हेडफोन घालून. काचेच्या बाहेर ती आणि तिचं यंत्र. ती एकेक बारीक आवाज सोडायची, आधी ठळक, मग पुसट, मग असून नसल्यासारखा, आणि ऐकू आला की आतल्या माणसानं हात वर करायचा. ऐकलेल्या माणसाचा हात कसा जातो ते तिला पाठ होतं. तो विचार करत नाही, सरळ जातो, खांद्यापासून. पण आत येणारी बरीचशी माणसं ऐकायला आलेलीच नसतात, पास व्हायला आलेली असतात. ती काचेतून हिच्या तोंडाकडे टक लावून बसतात. हिची नजर बटणाकडे गेली, हिनं श्वास घेतला, हिच्या ओठाचा कोपरा हलला, की त्यांना वाटतं आता आवाज सोडला असणार, आणि मग हात जातो. तो असा जातो. अर्धा. कोपर अंगाशी. चुकलं तर डोकं खाजवायला नेला होता असं म्हणता यावं इतकाच वर. म्हणून या कामात पहिली गोष्ट शिकावी लागते ती यंत्राची नाही, चेहऱ्याची. चेहरा पुसून टाकायचा. हात टेबलाच्या कडेखाली, खुर्ची जरा तिरकी, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही, ना हो, ना नाही, ना शाब्बास. हे तिला इतकं साधलं होतं की नव्यानं कामाला लागणाऱ्या मुलींना मोठे डॉक्टर तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, असं बसायचं.

मॅडम बाकांच्या पायऱ्या चढून स्वतः तिच्यापाशी आल्या. उंच, सडसडीत बाई, गळ्यात शिट्टी, बोलणं मोजकं. "तुमची मुलगी मला हवी आहे," त्या म्हणाल्या. "आठवड्यात एक दिवस सुट्टी, बाकी रोज सराव. सामने बाहेरगावी. मध्येच सोडणारी मला चालत नाही. घरी बोला आणि रविवारी संध्याकाळपर्यंत फोन करा." तिनं मान हलवली. चेहरा अर्थातच पुसलेला. मॅडमनी क्षणभर त्या चेहऱ्यात काही सापडतंय का ते पाहिलं, काही सापडलं नाही तेव्हा ठीक आहे म्हणून त्या निघून गेल्या.

टिंगू नाव नवऱ्यानं ठेवलेलं. जन्मली तेव्हा एवढीशी होती, दोन तळहातांत मावेल इतकी, म्हणून टिंगू. आता बारा वर्षांची टिंगू उंचीनं आईच्या कानाशी आली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलं. दोघी बसमधून उतरून घराकडे चालू लागल्या तशी टिंगूनं पिशवीतून बॉल काढला आणि फुटपाथवर टप्पे देत चालू लागली. हे नेहमीचं. टप्पे पडायला लागले की टिंगूचं तोंड सुटायचं. बॉल हातात नसला की तिच्याकडून "हं" आणि "काही नाही" यापलीकडे काही निघत नसे. आज मात्र टप्पे पडत होते आणि बोलणं निघत नव्हतं. "कसं वाटलं तुला?" टिंगूनंच शेवटी विचारलं. "मला काय, तुला कसं वाटलं ते सांग." "बरं वाटलं." "जावंसं वाटतंय?" "तुला काय वाटतं?" "माझ्या वाटण्याचा काय संबंध? खेळणार तू. ठरवायचं तू." टप्पा, टप्पा. "हं," टिंगू म्हणाली, आणि बॉल पिशवीत टाकून तिनं चेन ओढली.

आईनं जे पाहिलं होतं ते तिच्या मनातून जात नव्हतं. चाचणी चालू असताना टिंगूनं एक बास्केट केलं होतं. चांगलं केलं, दोघींना चकवून केलं, आणि केल्याबरोबर ती थांबली, वळली, आणि जिनं पास दिला त्या अनोळखी मुलीकडे तिनं बोट दाखवलं. ही टिंगू आतापर्यंत खेळत आली त्या मैदानावरची सवय. तिथल्या सरांचा तो एकच कडक नियम होता: बास्केट पडलं की ज्यानं पास दिला त्याच्याकडे आधी बोट दाखवायचं, मग नाचायचं. तिथे सगळे दाखवत. हरताहरताही दाखवत, आणि हरत बऱ्याचदा. इथे टिंगू बोट दाखवत उभी राहिली आणि तेवढ्यात समोरच्या पोरी बॉल घेऊन पळाल्यासुद्धा, पलीकडे बास्केट करून मोकळ्या झाल्या. एकदोघी हसल्या. "दाखवत काय बसलीस," मॅडम ओरडल्या, "पळ मागे, आभार घरी जाऊन मान." टिंगूचं बोट खाली आलं. कानांच्या पाळ्या लालभडक झाल्या. त्या वरून, एवढ्या लांबून, आईला दिसल्या. आणि त्यानंतर थोड्याच वेळानं तो अर्धा हात. जोडायला काही अवघड नव्हतं. पोरीला जायचं नाही, आणि नाही म्हणायला तिची जीभ उचलत नाही. आवाज ऐकू आलेला नाही आणि बिचारी हात वर करून बसली आहे.

आता इथे खरं सांगायचं तर या जोडाजोडीनं तिला दुःख झालं तसं थोडं बरंही वाटलं होतं. ते बरं वाटणं तिनं लगेच झाकून ठेवलं, पण ते झाकणाखाली होतंच. सरांचं मैदान तिच्या कामावरून घरी येण्याच्या वाटेवर पडायचं. मैदान कसलं, दोन इमारतींमधली फरशी, दोन खांब, एका खांबाची जाळी कधीचीच गेलेली. ती बस सोडून तिथवर चालत यायची, कठड्याला टेकून उभी राहायची, आणि सराव संपला की दोघी मिळून घरी. दिवसभर बंद खोलीत बारीक आवाज सोडून तिचे कान इतके ताणलेले असायचे की कुणी मोठ्यानं शिंकलं तरी अंगावर यायचं. पण बॉलचे टप्पे तिला चालत. त्या टप्प्यांच्या आडोशानं टिंगू तिला काय काय सांगायची. कोणत्या मैत्रिणीनं कोणाशी बोलणं टाकलं, गणिताच्या बाईंना सारख्या उचक्या का लागतात, माणूस मेल्यावर त्याचा आवाज कुठे जातो. एकदा चालताचालता, तिच्याकडे न बघता, आई मला वाटतं मला कोणी फारसं आवडत नाही, असंही. घरी आलं की दार, दिवा, स्वयंपाक, आणि टिंगू आपल्या खोलीत. म्हणजे दिवसातली टिंगू एवढीच, त्या वाटेवरची. मॅडमचं कोर्ट शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. टिंगू तिकडे लागली की शाळेतून परस्पर जाणार, बाप कामावरून येताना तिला घेऊन येणार, ती येणार दमून, खाणार, झोपणार. ती वाट संपली. हे तिला निवडचाचणीच्या बाकावरच कळलं होतं, मॅडमनी तोंड उघडायच्या आधी. पण या गोष्टीचा निर्णयाशी संबंध नाही असं तिनं स्वतःला बजावलं. आपल्याला काय हवं ते पोरीला दिसता कामा नये. तेवढं तिला येतं.

आणि ते तिला का यावं, यामागे तिचे वडील होते. वडिलांचं औषधांचं दुकान होतं; स्वभावानं शांत, आवाज चढवलेला कधी कुणी ऐकला नाही. चढवायची गरजच नव्हती. त्यांची उजवी भुवई होती ना. घरातलं सगळं त्या भुवईवर चालायचं. ती वर गेली की ठीक, जागच्या जागी राहिली की विचार करा, आणि खाली आली की विषय संपला. टिंगूएवढी असताना ती पोहायची. तलावावरच्या शिक्षकांना ती आवडली होती. ते एक दिवस ओल्या चपलांनी दुकानात आले आणि म्हणाले, हिला सकाळच्या तुकडीत पाठवा, ही पुढे जाईल. तिचं काळीज आनंदानं उडत होतं. वडील बाटलीवर लेबल चिकटवत होते. ते म्हणाले, तिलाच विचारा. आणि तिनं वर पाहिलं. भुवई खाली आली होती, फार नाही, केसभर. "मलाच नाही जायचं," ती म्हणाली. तिनंच म्हटलं, तिच्याच तोंडानं, कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी त्यानंतर कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट कौतुकानं ऐकवली, आमच्या घरी मुलांवर कसली सक्ती नाही, बघा, हिला पोहायला जायचं नव्हतं, नाही पाठवली. ते अगदी मनापासून सांगायचे. त्यांना त्यांच्या भुवईचा पत्ताच नव्हता. टिंगू झाली तेव्हा त्या दोन तळहातांतल्या जिवाकडे बघून तिनं ठरवलं होतं, या पोरीनं माझ्या तोंडाकडे बघून काही ठरवायचं नाही. आणि तोंडाला शिकवणी तर दवाखान्यात रोजची चालूच होती.

जेवताना नवऱ्यानं विषय काढला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या खड्ड्यांत उतरून ग्रीसनं माखून यायचा, आणि तरी घरात शिरताना त्याचा चेहरा सुट्टी लागलेल्या पोरासारखा असायचा. "जाऊ दे की," तो पाव मोडत म्हणाला. "किंवा नको जाऊ देऊ. इथे पण मजा आहे, तिथे पण आहे." "तुला सगळंच चालतं," ती म्हणाली. "मग? न चालायला मी काय लिफ्ट आहे?" टिंगू हसली, मग आईकडे बघून हसणं आवरतं घेतलं. ते आवरतं घेणं आईला दिसलं, पण तिचं लक्ष स्वतःच्या चेहऱ्याकडे होतं, तो जागच्या जागी आहे ना याकडे. जेवण झाल्यावर टिंगू उठून गेली तसा नवरा म्हणाला, "तुझ्या तोंडावर कधीकधी 'बंद आहे'ची पाटी असते बघ. माणूस लांबूनच जिन्याकडे वळतो." तो थट्टेनंच म्हणाला होता. तिनं ताटं उचलली.

पुढच्या सरावाला ती जरा लवकरच मैदानावर पोचली. सर दिवसभर रंगाच्या दुकानात डबे घुसळून छटा जुळवून द्यायचे, त्यामुळे त्यांची नखं दर भेटीत वेगळ्या रंगाची असत. त्या दिवशी फिकट हिरवी होती. मॅडमकडून विचारणा आली आहे, हे त्यांना कळलेलं होतं. असल्या बातम्यांना पाय फुटतात. "तुम्हाला काय वाटतं?" तिनं विचारलं. सर हसले. "मला विचारू नका. मी ठेवूनच घेणार. ती गेली तर माझ्या संघात पास देणारं कोणी उरत नाही, सगळे नेम धरणारेच उरतात. मला ती इथेच हवी आहे. आता एवढं ऐकल्यावर माझा सल्ला घ्यायचा का नाही ते तुमचं तुम्ही बघा." आणि ते पोरांवर ओरडायला निघून गेले. कठड्याला टेकून ती बराच वेळ त्या उत्तराचा विचार करत राहिली. माणूस इतकं उघडं बोलतो आणि त्याचं काही बिघडत नाही, हे तिला चमत्कारिक वाटलं. हेवाही वाटला. समोर टिंगू खेळत होती. सगळ्यांपेक्षा डोक्यानं उंच, पोरांना पास देत, स्वतः फारशी न धावता. धावायची गरज पडत नव्हती. मध्येच तिनं एक बास्केट केलं, सहज, आणि बोट दाखवलं. त्या दाखवण्यात काहीतरी कंटाळल्यासारखं होतं. पण तेही तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आठवडा सरत आला तसं कामावर एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांना ऐकू येत नाही अशी मुलाची तक्रार. आजोबांचं म्हणणं, मुलगाच पुटपुटतो. आजी एकटं बाहेर बसवत नाही म्हणाल्या, तर तिनं त्यांना काचेच्या बाहेर, आपल्या मागे खुर्ची दिली. तपासणी सुरू झाली आणि आजोबांचे हात बिनचूक जाऊ लागले. पुसटातल्या पुसट आवाजाला हात. ती चक्रावली. चेहरा पुसलेला, हात टेबलाखाली, मग हा माणूस ऐकतोय तरी कशानं? मग तिला काचेत अंधूक दिसलं. यंत्रावरचा दिवा लुकलुकला की मागे आजी मान हलवत होत्या. अगदी थोडी, बाळाला झोपवताना हलते तेवढी. आजोबा हिच्याकडे बघतच नव्हते, ते हिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. तिला हसू आलं. तिनं वळून हळूच म्हटलं, "आजी, मान नका ना हलवू. त्यांचे कान तपासायचेत, तुमची मान नाही." आजी शरमल्या. "सवय हो," त्या म्हणाल्या. "किती वर्षं झाली, कोण काय बोललं ते मीच मानेनं सांगते. आता नाही हलवत." पुन्हा सुरू केलं. आजी ताठ बसल्या, ओठ घट्ट मिटून. आणि आजोबांचे हात थांबलेच. ठळक आवाजालाही जाईनात. ते नुसते काचेपलीकडे बघत राहिले, आधी गोंधळून, मग केविलवाणे होऊन, आणि शेवटी त्यांनी हेडफोन काढला, जाड दार ढकललं, बाहेर आले आणि बायकोला म्हणाले, "काय झालं? माझं काही चुकलं का?" "अहो, काही नाही, जा आत," आजी म्हणाल्या. मग हिच्याकडे वळून, अगदी सहज, पदराशी चाळा करत सांगावं तसं म्हणाल्या, "मी गप्प बसले ना की त्यांना वाटतं मी रागावले. कोऱ्या तोंडाचा माणूस रागावलेलाच असतो असं धरून चालतात ते."

तिनं आजोबांना पुन्हा आत बसवलं. आजींची खुर्ची बाजूला, आजोबांना दिसणार नाही अशी लावली. तपासणी नीट पार पडली, कानात लावायचं यंत्र लिहून दिलं, दोघं एकमेकांचा हात धरून जिना उतरून गेली. ती टेबलापाशी बसून राहिली. तिचा पुसलेला चेहरा काचेत तिच्याकडे बघत होता. इतकी वर्षं तो तिला रिकामा वाटत होता. कोणी बसावं, हवं ते म्हणावं असा. तिनं पहिल्यांदाच तो बाहेरून बघितला. भुवया सरळ, ओठ मिटलेले, डोळ्यांत ना आत या, ना जा. बाई रागावली आहे, असंच कोणीही म्हणालं असतं.  लहानपणी चित्र काढून आणलेली टिंगू आठवली, कागद पुढे करून तोंडाकडे बघत उभी. आणि आपण, मत लादायचं नाही म्हणून, तुला कसं वाटतं असं विचारणाऱ्या. पहिल्यांदा केस कापून आलेली टिंगू. पहिला सामना हरलेली टिंगू. दरवेळी ते तोंडाकडे बघणं आणि दरवेळी हा असा सरळ भुवयांचा दगड. वडिलांची भुवई निदान वर तरी जायची कधी. जेव्हा जायची तेव्हा तिला आकाश ठेंगणं व्हायचं. टिंगूला आपण तेही दिलं नाही.

शनिवारी तिचं कशात लक्ष लागेना. दुधाखालचा गॅस बंद करायला विसरली, दूध उतू गेलं. ओट्यावरून खाली ओघळ येईपर्यंत ती बघत उभी होती. नवऱ्यानं फडका टाकला. पुसतापुसता तो म्हणाला, "टिंगू परवा गाडीत विचारत होती मला." "काय?" "की आईला कोणता संघ आवडेल. मी म्हटलं तिलाच विचार, तर म्हणाली विचारलं, ती सांगत नाही, म्हणजे मी चुकीचं बोलले असणार." त्यानं फडका पिळला. "मी म्हटलं तसं काही नसतं. पण माझ्या म्हणण्याला काय किंमत. मी सगळ्यालाच हो म्हणतो." एरवी त्यानं पुढे काहीतरी थट्टा जोडली असती, या वेळी जोडली नाही. तिला वाटलं तसंच उठून टिंगूच्या खोलीत जावं. पण काय सांगावं? खरं सांगितलं तर आपण वडिलांची भुवई होणार. न सांगितलं तर हा दगड. दोन्हीकडून पोरीचं नुकसानच दिसत होतं. विचार करकरून डोकं दुखायला लागलं तेव्हा मैदानावरच्या सरांची हिरवी नखं आठवली. मी ठेवूनच घेणार, आता माझा सल्ला घ्यायचा का नाही ते तुम्ही बघा. त्यांनी दोन्ही सांगितलं होतं, आपलं मन आणि त्याला किती भाव द्यायचा ते. वडिलांनी फक्त भुवई दाखवली होती आणि तोंडानं म्हणाले होते, तिलाच विचारा.

रविवारी सकाळी टिंगू स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून बुटाच्या नाड्या बदलत होती. अंडी उकडत होती. आई टिंगूसमोर खाली बसली, जमिनीवर, गुडघे कुरकुरले तरी. "टिंगू, मला तुला एक सांगायचंय. सल्ला नाहीये. नुसतं सांगायचंय." टिंगूचे हात थांबले. "मला वाटतं तू इथेच राहावंस," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला ओळखीचा वाटला नाही. "सरांकडे. कारण तू तिकडे गेलीस की आपण दोघी घरी चालत येणार नाही. मला ते नकोय. मला ते चालणं फार आवडतं. दिवसभर मी त्याचीच वाट बघते. एवढंच कारण आहे, आणि ते माझं आहे, तुझं नाही." टिंगू तिच्याकडे बघत होती. आता आपल्या चेहऱ्यावर काय होतंय हे पाहायचं नाही असं आईनं ठरवलं होतं. जे व्हायचं ते होऊ दे.  अंडी भांड्यात एकमेकांवर आपटत राहिली. मग, नाडीचं टोक बोटाला गुंडाळत, ती म्हणाली, "मला तिकडे जायचंय."

"त्या बोटावरून तुला बोलल्या ना त्या? पोरी हसल्या." "हो. मग?" टिंगूनं मान वर केली. "त्यांनी मला सांगितलं मी काय चुकते ते. सर मला कधीच सांगत नाहीत, ते नुसतं छान, छान. मला माहितेय ना छान नसतं ते. तिथे मी सगळ्यांत वाईट होते, आई. मला इतकं बरं वाटलं." "मग हात पूर्ण का नाही वर केलास?" टिंगू गोंधळली, मग आठवून तिचे कान लाल झाले. "तुला कसं दिसलं? मला वाटलं तू रागावशील. तू तशी बसली होतीस. म्हणून थोडासाच केला, त्यांना दिसेल आणि तुला दिसणार नाही असा." इतक्या वर्षांत हजारो हात तिनं वाचले होते. न ऐकता वर जाणारा हात तिला लांबून कळायचा. ऐकलेलं असून, चांगलं ठणठणीत ऐकलेलं असून, कोणाच्या भीतीनं लपवत वर नेलेला हात तिनं कधी पाहिलाच नव्हता. किंवा पाहिला असेल आणि बहिऱ्याचा म्हणून लिहून मोकळी झाली असेल. आणि तिच्या पोरीनं आत्ता तिला नाही म्हटलं होतं. तोंडावर, नाडी गुंडाळत, नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. अभिमानानं तिचा ऊर भरून आला आणि त्याच वेळी ती संध्याकाळची वाट, तो कठडा, फुटपाथ, माणूस मेल्यावर आवाज कुठे जातो, सगळं एकदम हातातून सुटलं आणि तिला रडू कोसळलं. हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत, जमिनीवर बसून.

टिंगू घाबरली. आईला असं तिनं कधी पाहिलं नव्हतं. बूट बाजूला टाकून ती गुडघ्यांवर पुढे आली. "नको रडू. नाही जात मी. खरंच नाही जात, इथेच राहते, मलाच नाही जायचं."

"नाही," ती म्हणाली. इतक्या जोरात म्हणाली की खोलीतून नवरा डोकावला आणि काय ते ओळखून परत गेला. तिनं टिंगूचे दोन्ही दंड धरले. "हे बघ. मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. म्हणून मी रडणार आहे. आणि तू जाणार आहेस. माझं रडणं हे माझं काम आहे, त्याचं तुला काही करायचं नाहीये. नुसतं बघायचं." "आणि तुला राग आला तर?" "तर रागावेन. तरी तू जाणार." टिंगूनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीट, वेळ घेऊन पाहिलं, डोळे, नाक, थरथरणारी हनुवटी, सगळं. तिच्या खांद्यांतला ताण हळूहळू गेलेला आईच्या हातांना कळला. मग तिनं बाहीनं आईचं नाक पुसलं, जोरात, लहान मुलाचं पुसावं तसं.

"फोन मी करू मॅडमना?" टिंगूनं विचारलं.

"तूच कर."

"आणि शनिवारचा सराव लवकर सुटतो म्हणाल्या. बाबा तेव्हा कामावरच असतील. मला घ्यायला कोण येणार?"

"मी येईन."

"तिथून घर फार लांब आहे. चालत नाही येता येणार."

"थोडं चालू, मग बस पकडू."

टिंगूनं विचार केला. "बसस्टॉपवर रडणार नाहीस ना?"

"एखादेवेळी रडेन."

"बरं," टिंगू म्हणाली, आणि उठून फोन आणायला गेली.